ठोशांनी फिटणारा हिशेब

आइस हॉकीतली मारामारी म्हणजे खेळाचा सेफ्टी व्हॉल्व्ह, असं एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे जुनेजाणते आजही छातीठोकपणे सांगतात. खेळ वेगवान, हातात काठ्या, पायांत धारदार पाती. पंचाला सगळं कसं दिसणार? तेव्हा खेळाडूंनीच हातमोजे टाकावेत, चार ठोसे द्यावेत-घ्यावेत, पाच मिनिटांची शिक्षा भोगावी आणि प्रकरण मिटवावं. या अलिखित नियमांना ते आदराने ‘कोड’ म्हणतात.

पंचांच्या नजरेतून बरंच निसटतं, हे मान्य. पण ठोशांनी प्रकरण मिटतं, हे कोणी सांगितलं?

16 फेब्रुवारी 2004 रोजी कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरने व्हँकुव्हरचा कर्णधार मार्कस नेस्लुंडला धडक दिली. पंचांनी शिक्षा केली नाही, लीगनेही धडक नियमात बसवली. नेस्लुंड मात्र डोक्याला मार लागून तीन सामने बाहेर बसला. व्हँकुव्हरच्या गोटात बदल्याची उघड भाषा सुरू झाली. 3 मार्चच्या सामन्याला लीगचे आयुक्त गॅरी बेटमन जातीने हजर होते. तो सामना निमूट पार पडला. पाच दिवसांनी दोन्ही संघ व्हँकुव्हरमध्ये पुन्हा भिडले. पहिल्या सत्रात व्हँकुव्हरचा मॅट कुक मूरच्या अंगावर गेला, मूरही लढला. कोडप्रमाणे तिथेच फिटंफाट व्हायला हवी होती. तरी तिसऱ्या सत्रात व्हँकुव्हरच्याच टॉड बर्टुझीने मागून येऊन मूरला ठोसा हाणला आणि बर्फावर आपटलं. मानेचे तीन मणके मोडले. मूर पुन्हा कधी एनएचएलमध्ये खेळला नाही. न्यायालयात गुन्हा कबूल केलेला बर्टुझी 2006 मध्ये कॅनडाच्या ऑलिंपिक संघात होता!

कोडवाले याला अपवाद म्हणतात. मला हा कोडचा स्वभावच वाटतो. पंचाच्या किंवा लीगच्या शिक्षेला आकडा असतो. दोन मिनिटं, पाच मिनिटं, अमुक सामने. सुडाला माप एकच, दुखावलेल्याचं समाधान. कुकचं झालं, बर्टुझीचं व्हायचं होतं.

प्रेक्षकांना मारामारी हवी असते, हा दुसरा दावा. ऑलिंपिकमध्ये मारामारी करणारा सरळ सामन्याबाहेर जातो. 2010 ची कॅनडा-अमेरिका अंतिम लढत याच व्हँकुव्हरच्या बर्फावर झाली. सिडनी क्रॉस्बीच्या जादा वेळेतल्या गोलने सारा कॅनडा नाचला. ठोसे कमी पडले, अशी कुरकुर कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

लीगची शिस्त लेचीपेची म्हणून खेळाडू हात उचलतात, असंही सांगतात. निदान बरोबर, औषध उलटं. मे 2021 मध्ये वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनने न्यूयॉर्क रेंजर्सच्या आर्टेमी पनारिनला बर्फावर आपटलं. पनारिनचा हंगाम तिथेच संपला. सहा वर्षांसाठी 3 कोटी 10 लाख डॉलरचा करार असलेल्या विल्सनला त्या सामन्यातल्या दांडगाईबद्दल दंड झाला 5,000 डॉलर. शिस्तप्रमुख जॉर्ज पॅरोस (स्वतः एकेकाळचे नामांकित ठोसेबाज) या पदाला लायक नाहीत, असं निवेदन रेंजर्सनी काढलं, तर त्यांना दंड अडीच लाख! पुढच्या सामन्यात खेळ सुरू होताक्षणी मारामाऱ्या जुंपल्या.

ती 5,000 ची मर्यादा लीग आणि खेळाडू संघटनेच्या सामूहिक करारातली होती. म्हणजे मार खाणाऱ्यांच्या संघटनेनेही तिच्यावर सही केलेली. दंड पगाराच्या प्रमाणात हवा, निलंबन लांब हवं, आणि ते पहिल्या आगळिकीलाच हवं. आयुक्त नुसते येऊन बसले तेव्हा व्हँकुव्हरच्या खेळाडूंना हात आवरता आले होते.