तुरुंगाचं हॉटेल केलं तर?

समजा, फिरायला गेलात आणि थेट समुद्रावरच्या किल्ल्यात खोली मिळाली. खिडकीखाली लाटा, फोटो तर विचारूच नका! मग कुणी सांगितलं, की इथे चाळीस वर्षं सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना कोंडत होते. राहाल?

पोर्तुगालमध्ये हा प्रश्न खरंच आला. लिस्बनच्या उत्तरेला पेनिशचा किल्ला आहे. सालाझारच्या हुकूमशाहीत, १९३४ पासून, तो राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. २०१६ मध्ये सरकारनं जुन्या वास्तू पर्यटनासाठी खासगी हातात द्यायची यादी काढली, त्यात पेनिशही होता. माजी कैदी भडकले, बोभाटा झाला आणि किल्ला यादीतून वगळावा लागला. २७ एप्रिल २०२४ ला तिथे राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. १९७४ मध्ये त्याच तारखेला तिथले कैदी सुटले होते.

त्याच्या दोनच दिवस आधी, २५ एप्रिलला, राजवट कोसळली होती. तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी उठाव केला, लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोचली. पंतप्रधान कायतानु लिस्बनच्या कार्मू चौकातल्या बराकीत लपले. २९ वर्षांच्या कॅप्टन साल्गैरु माया यानं बराकीला वेढा घातला, बाहेर ही गर्दी! संध्याकाळी कायतानु शरण आले. आज कार्मूबद्दल कुणाचं भांडण नाही. जिंकल्याची जागा जपायला कोण नाही म्हणेल? वांधा येतो तो जिथे माणसं मोडली गेली त्या जागांचा.

कार्मूपासून पायी काही मिनिटांवर गुप्त पोलिसांचं, ‘पीडे’चं मुख्यालय होतं. त्याच दिवशी आतून गर्दीवर गोळ्या झाडल्या गेल्या, चौघं गेले. या इमारतीत आता आलिशान फ्लॅट आहेत. बाहेर भिंतीवर मेलेल्यांच्या नावांची पाटी तेवढी आहे. शहराच्या मध्यावरची जागा, तिचा भाव काय असेल ते ओळखा.

तुम्ही म्हणाल, पोर्तुगालचं आपल्याला काय? अहो, गोवा सोडायला तयार नव्हती ती हीच राजवट. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना १९४६ मध्ये आधी आग्वादला डांबलं, मग आठ वर्षांची शिक्षा देऊन पेनिशला धाडलं. सांगलीचे मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगात होते. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, रानडे सुटले १९६९ मध्ये! काशियशला आजही तुरुंगच आहे.

आणि आग्वाद? तिथला तुरुंग २०१५ पर्यंत चालू होता. डागडुजी होऊन २०२१ च्या डिसेंबरात तो संग्रहालय म्हणून खुला झाला. समुद्र तिथेही भारी दिसतो, त्यामुळे फोटो-रील होणारच, त्यात गैर काही नाही. पण बघण्याजोगं म्हणजे, जागेतला किती भाग कोठड्यांना मिळतो आणि किती खाण्यापिण्याला, कार्यक्रमांना. पेनिशमध्ये कैद्यांची अडीच हजारांवर नावं एका स्मारकावर कोरलीत. पुढच्या गोवा ट्रिपला आग्वादच्या कोठड्यांपाशी जरा थांबा. तिथे कोण कोण होतं, त्यातली किती नावं वाचायला मिळतात ते मोजा.