वटवाघळाचे भाऊबंद कोण?

वांद्रे पूर्वेला आमच्या वसाहतीत एक बदामाचे झाड आहे. दिवेलागणीला त्यावर वटवाघळे येतात, बदाम कुरतडून खाली टाकतात. मागच्या महिन्यात काही रहिवाशांनी झाड तोडण्याचा अर्ज लिहून आमच्याकडे सहीला आणला. कारण काय, तर वटवाघूळ अपशकुनी आणि रोग पसरविणारे. एका आजीबाईंनी जुनी गोष्टही सांगितली. दात आहेत म्हणून पक्ष्यांनी त्याला हाकलले आणि पंख आहेत म्हणून जनावरांनी. त्याला कोणाच्याच पंगतीत जागा नाही. ते ऐकून आम्ही अर्ज बाजूला ठेवला. म्हटले, आधी त्याचे भाऊबंद कोण ते पाहू.

याच वांद्र्यात, पाली हिलवर, पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली राहत. त्यांच्या नावाचे एक वटवाघूळ आहे. १९४८ साली तामिळनाडूच्या डोंगरात मिळालेला त्याचा नमुना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत भलत्याच जातीच्या नावाने पडून होता. १९७२ साली थायलंडचे कित्ती थोंगलोंग्या यांनी दात व कवटी तपासून ती निराळी जात असल्याचे दाखविले. म्हणजे चोवीस वर्षे त्या बिचाऱ्यावर चुकीची चिठ्ठी होती!

वाचकहो, रूपावरून नाते ठरविले की अशी फसगत होते. म्हणून शास्त्रज्ञ आता डी.एन.ए. वाचतात. आमच्यासारख्या कारकुनाला ते चटकन समजते. एका खातेवहीच्या नकला होत गेल्या आणि दोन नकलांत त्याच त्या जागी त्याच त्या अनेक चुका दिसल्या, तर दोन्ही एकाच वहीवरून उतरविल्या हे उघड आहे. पिढ्यान्‌पिढ्या डी.एन.ए.च्या नकला होताना असेच बारीक फरक पडतात. समान फरक जितके जास्त, तितके नाते जवळचे.

पूर्वी मोठी, फळे खाणारी वटवाघळे एका बाजूला आणि लहान, किडे खाणारी दुसऱ्या बाजूला अशी वाटणी होती. १९८६ साली ऑस्ट्रेलियाचे जॉन पेटिग्रू यांनी तर मोठ्या वटवाघळांचे नाते माकडांशी जोडले. डी.एन.ए. तपासल्यावर मात्र सगळी वटवाघळे एकाच पूर्वजाची निघाली. पुढे २००० च्या सुमारास एमा टीलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी वाटणीही मोडली. नाकावर घोड्याच्या नालासारखी घडी असलेली, किडे खाणारी वटवाघळे फळखाऊंची जवळची ठरली. आपल्या दिव्याभोवती घिरट्या घालणारे चिमुकले वटवाघूळ मात्र दुसऱ्या शाखेचे.

आणखी एक गंमत. अनेकजण वटवाघळाला उडणारा उंदीर समजतात. पण त्याचे दूरचे नाते गाय, घोडा, कुत्रा यांच्या गटाशी लागते. उंदीर वटवाघळापेक्षा आपल्याच जवळचा आहे!

रोगाची भीती अगदी खोटी नाही. २०२० साली महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांत निपाहच्या प्रतिपिंडांच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला आढळल्या. ती वटवाघळे दोन निरनिराळ्या शाखांतली होती. कोणता विषाणू कोणत्या जातीत राहतो हे समजण्यासाठी आधी जात नीट ओळखावी लागते. झाड तोडून ते समजत नाही. वटवाघळे दुसऱ्या झाडावर जातील, एवढेच.

आपण काय करावे? मुलांना उष्टी फळे आणि खाली पडलेले बदाम खाऊ देऊ नये. जखमी वा मेलेल्या वटवाघळाला हात लावू नये. चावल्यास जखम साबणाने धुऊन लगेच दवाखाना गाठावा. वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळे अनेक वर्षे उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली.

अर्ज अजून आमच्या टेबलावर आहे. त्यावर आम्ही सही केलेली नाही. येत्या रविवारच्या बैठकीत हा सगळा हिशेब मांडू. आजीबाईंना पहिल्या रांगेत बसवायचे ठरविले आहे.