वैशाखाच्या उन्हात अग्निशमन पंप चालेल का?

९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात आग लागली आणि दहा नवजात बालकांचा जीव गेला. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. अशा तपासणीत पंप आहे का, हे पाहिले जाते. पण पंपाची खोली मे महिन्यात किती तापते, हे आपल्यापैकी कितीजण विचारतात?

एनएफपीए-२० या अमेरिकी मानकाचा आधार आपल्याकडेही मोठ्या प्रकल्पांत घेतला जातो. डिझेल इंजिन पूर्ण भाराने चालू असताना त्याच्या एअर फिल्टरपाशी हवा ४९ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये, इतके वायुवीजन खोलीत असावे, असे ते सांगते. ४९ हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. म्हणजे बाहेरची हवा आत येतानाच जेमतेम चार अंशांची सवलत उरते. त्यात चालू इंजिन स्वतःच खोली तापवते. विजेच्या मोटारी तर साधारणपणे ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेल्या असतात. इंजिन सुरू करणारी बॅटरीही सततच्या उष्णतेने लवकर खराब होते.

आता आपला कायदा पाहू. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यावे लागते, जानेवारीत आणि जुलैत. एक महिना थंडीचा, दुसरा पावसाचा. ज्या दिवसांत पंपाची खरी कसोटी लागते, ते दिवस दोन्ही प्रमाणपत्रांच्या मधेच निघून जातात. कागद खोटा नसतो, पण तो उन्हाळ्याची हमी देत नाही.

आपल्या समाजासाठी हा दूरचा विषय नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या उंच इमारतींत, वसतिगृहांत, रुग्णालयांच्या सर्वसाधारण वॉर्डांत आपलीच माणसे आहेत. बुद्ध पौर्णिमेला विहारे आणि सभागृहे भरतात, तीही वैशाखातच.

म्हणून आमची मागणी साधी आहे. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी एक चाचणी सक्तीची करावी. डिझेल पंप किमान अर्धा तास चालवावा आणि एअर फिल्टरपाशी तापमान मोजून नोंदवहीत लिहावे. सोसायट्यांनी आणि विहार समित्यांनी शासनाची वाट न पाहता आजच पंपखोली उघडून पाहावी. झरोके बुजलेले आहेत का? आत जुने सामान कोंबले आहे का? भिंतीवर साधा तापमापक तरी आहे का?

त्या भट्टीसारख्या खोलीत पंप चालवणारा कामगारही माणूस आहे. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी. यंत्राबरोबर त्या माणसाच्या जिवाचीही काळजी आपण करायला हवी.