तिकीट काढून घेतलेली भीती

जत्रेत आकाशपाळण्यासाठी पैसे मोजून रांगेत उभी राहणारी माणसे आम्ही दरवर्षी पाहतो. पाळणा वरून खाली येऊ लागला की बायका-पोरे किंचाळतात, डोळे गच्च मिटतात आणि उतरल्या उतरल्या म्हणतात, "अजून एक फेरी मारू!" यातलीच काही माणसे महिना महिना खोकत असतात. पण थुंकी तपासायला चला म्हटले की त्यांना शंभर कामे आठवतात.

शरीराच्या लेखी दोन्ही भीती जवळपास सारख्याच. रक्तात अॅड्रेनॅलिन उतरते, छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो. फरक बाहेरचा आहे. तान्ह्या पोराला मामाने उडवून झेलले तर ते खिदळते, अनोळख्याने उडवले तर टाहो फोडते. उंची तीच, हात वेगळे. पाळण्याला दांडा आहे, फेरी थोड्या वेळात संपणार आहे, हे आपल्याला ठाऊक असते. १९९३ साली 'झी हॉरर शो' सुरू झाला, तेव्हा गोधडीतून एक डोळा बाहेर काढून तो पाहणारे आजही वस्तीत सापडतील. शेजारी ताई बसलेली असे आणि टीव्हीचे बटण आपल्याच हाताशी!

डेन्मार्कमध्ये संशोधकांनी एका भीतिघरात शिरणाऱ्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले. २०२० साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. भीती फार थोडी असली तर मजा नाही, फार झाली तरीही नाही. मजा मधल्या मापात.

दवाखान्याच्या भीतीला असे माप नाही. कागदावर काय येईल? काम सुटेल काय? शेजारीण कप वेगळा ठेवील काय? पोरीचे जमलेले लग्न मोडेल काय? वर त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणारे शहाणे आम्हास पटत नाहीत. ही भीती खरी आहे, अनुभवातून आलेली आहे. मात्र ती मनात कोंडून ठेवली म्हणून खोकला थांबत नाही, आणि रोग क्षयाचा असेल तर तो तोवर घरातल्या लेकरांपर्यंत पोहोचू शकतो.

मग पाळण्याला जे असते ते या भीतीलाही द्यावे, असे आम्हास वाटते. म्हणजे ओळखीचा हात आणि पुढे काय होणार याची माहिती. थुंकी डबीत द्यायची असते, सुई नाही, दुखणे नाही. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. साध्या क्षयाला औषध बहुधा सहा महिने, पण मध्ये सोडायचे नाही.

घरात कोणी दोन आठवड्यांहून अधिक खोकत असेल तर त्याला नुसते "जाऊन ये" म्हणू नका. अर्धा दिवस रजा टाका, सोबत जा. केसपेपरच्या खिडकीपाशी सकाळी लवकर गर्दी कमी असते.