वसतिगृहाआधीचे घर

स्मरणिका म्हटली की तिच्यात संस्थेचा इतिहास येतो, देणगीदारांचा ऋणनिर्देश येतो, शालान्त परीक्षेचे निकाल येतात आणि मोठ्या हुद्द्यावर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांची छायाचित्रे येतात. ते यथायोग्यच आहे. या लेखात मात्र आम्ही ज्यांचे नाव अजून कोणत्याच हजेरीपटावर चढलेले नाही, अशा मुलांविषयी लिहिणार आहोत. वय वर्षे एक ते तीन. नुकतीच पावले टाकू लागलेली, उंबरठा ओलांडताना अडखळणारी, दिसेल ते तोंडात घालणारी ही मुले आपल्या समाजाच्या सभा-संमेलनांत कधी विषय होत नाहीत.

आमच्या निवासी शाळेत महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून मुले येतात. ती आल्यावर त्यांना वेळेवर जेवण, अभ्यासिका, खेळ आणि शिस्त देणे आमच्या हाती असते. परंतु मूल शाळेच्या दारात उभे राहते तेव्हा त्याच्या शरीराचा आणि मनाचा पाया बऱ्याच अंशी घालून झालेला असतो. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या एक हजार दिवसांत पोषणाची जी उणीव राहते, ती पुढे पूर्णपणे भरून काढणे अवघड असते, असे बालआरोग्याचे शास्त्र सांगते. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, चांगल्या शाळेची चिंता करणाऱ्या पालकांनी ती चिंता मुलाच्या सहाव्या वर्षी सुरू करू नये. ती घरातच, पहिल्या वर्षापासून सुरू करावी. आणि त्यासाठी पैशापेक्षा लक्ष अधिक लागते.

ही भूमी या विचाराला अपरिचित नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लागला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी महाडात जमलेल्या स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले आणि स्वच्छ राहणी व मुलींचे शिक्षण यांचा आग्रह धरला, हे मात्र कमी वेळा सांगितले जाते. १९२८ मध्ये कामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात सवलत मिळावी म्हणून त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात बाजू मांडली. मातेची आणि बालकाची काळजी हा घरापुरता प्रश्न आहे असे त्यांनी मानले नाही. आपणही तसे मानू नये.

प्रथम आहाराविषयी. सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळाला वरचे अन्न सुरू करावे आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही चालू ठेवावे. आपल्या भागातील खरी अडचण पातळपणाची आहे. बाळाला पचावे म्हणून पेज इतकी पातळ केली जाते की पोट भरते, पण अंगी लागत नाही. लहान मुलाचे पोट लहान असते. म्हणून त्याला घट्टसर अन्न, थोडे थोडे, दिवसातून पाच वेळा द्यावे. त्यासाठी बाजारातील डब्याची गरज नाही. पोलादपूरच्या डोंगरउतारावर पिकणारी नाचणी ही उत्तम बालान्न आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. मोड आणून, वाळवून, दळून केलेले सत्त्व अधिक सुपाच्य होते. त्यात चमचाभर तूप वा तेल, मऊ भातात मुगाचे किंवा कुळथाचे घट्ट वरण, शेवग्याचा पाला, उकडलेले अंडे, आणि घरात चालत असेल तर स्वच्छ धुऊन, भाजून कुटलेला सुका जवळा, एवढ्यात मुलाचे ताट परिपूर्ण होते. सुक्या मासळीत मीठ असते, म्हणून तो चिमूटभरच घालावा आणि वेगळे मीठ टाकू नये.

दोन गोष्टी ताटापासून दूर ठेवाव्यात. एक चहा. सकाळी बशीत चहा ओतून त्यात बिस्कीट बुडवून मुलाला भरवण्याची रीत घरोघरी आहे. चहामुळे अन्नातील लोह अंगी लागण्यात अडथळा येतो आणि गोडामुळे भूक मरते. दुसरी पाच रुपयांची पुडी. रडते मूल शांत करण्याचा तो सर्वांत सोपा उपाय असतो, परंतु दुपारच्या जेवणाला मूल तोंड फिरवते त्याचे कारणही बहुधा तीच असते.

सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांसाठी अंगणवाडीतून घरपोच आहार मिळतो. तो मुलाचा हक्क आहे. घरातील इतरांच्या ताटात तो वाटून संपू नये. दर महिन्याला अंगणवाडीत मुलाचे वजन करून घ्यावे आणि वाढीच्या तक्त्यावरील रेषा वर चढते आहे, आडवी चालली आहे की खाली वळली आहे, हे सेविकाताईंकडून समजून घ्यावे. आडवी रेषा म्हणजे सूचना होय. सोळा ते चोवीस महिन्यांमधील गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा ही अनेक घरांत राहून जाते, कारण तोवर बाळ धडधाकट दिसू लागलेले असते. लसीकरणाचे कार्ड पत्र्याच्या पेटीत, आधारकार्डाच्या बरोबरीने जपावे.

आता घरातील धोक्यांविषयी. आपले घर आपण मोठ्यांच्या नजरेने पाहतो. एकदा जमिनीवर बसून, मुलाच्या उंचीवरून ते पाहावे. चुलीवरच्या भांड्याचा कान हाताशी येतो का? न्हाणीतील बादली भरलेली आहे का? हाता-दोन हातांच्या खोलीची गोष्ट तर दूरच, वीतभर पाण्यातही तोंडावर पडलेले लहान मूल बुडू शकते आणि त्या वेळी ते ओरडत नाही. म्हणून काम झाले की बादली पालथी घालावी, पिंपावर घट्ट झाकण ठेवावे, विहिरीच्या आणि पऱ्ह्याच्या वाटेकडील बाजूस कवाड असावे. शेतात फवारण्याचे औषध किंवा रॉकेल कधीही पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नये. चुकून मुलाने ते प्यायले तर उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा. शेंगदाणे, फुटाणे, सुपारी आणि नाणी तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलाच्या हाती देऊ नयेत, ती श्वासनलिकेत अडकतात. भाजल्यास त्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी धरावे. टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. जुलाब झाल्यास दूध व जेवण बंद करू नये, जलसंजीवनीचे एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून चमच्या-चमच्याने पाजत राहावे आणि झिंकच्या गोळ्या डॉक्टर वा आशाताई सांगतील तशा चौदा दिवस द्याव्यात.

विंचवाविषयी स्वतंत्र लिहिणे आवश्यक आहे, कारण हा आपल्याच भागाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही आपल्याच भागातून जगाला मिळाले. लाल विंचवाच्या दंशाने एके काळी कोकणात दंश झालेल्या कित्येक बालकांचा मृत्यू होत असे. १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे मृत्यू का होतात याचा रुग्णाच्या उशाशी बसून अभ्यास केला, तो 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर गुणकारी ठरते हे दाखवून दिले. त्या उपचाराने मृत्यूचे प्रमाण अत्यल्प झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे विषावरील प्रतिलसही उपलब्ध झाली. परंतु औषध कितीही प्रभावी असले तरी मूल दवाखान्यात वेळेवर पोहोचले तरच त्याचा उपयोग.

म्हणून हे लक्षात ठेवावे. लाल विंचवाच्या गंभीर दंशात वेदना कधी कधी फारशी नसते. मूल एकाएकी घामाने भिजले, उलट्या करू लागले, तोंडातून लाळ गळू लागली, हातपाय थंड पडले, तर विंचू दिसला नसला तरी शंका घ्यावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. विष उतरवणाऱ्याकडे नेण्यात जाणारा तास हा मुलाच्या आयुष्यातला तास असतो. साप, विंचू वा कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्या समाजाने बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या समाजात याकरिता कायद्याचा धाक लागू नये. प्रतिबंध सोपा आहे. लाकूडफाटा आणि शेणी घराच्या भिंतीला लावून रचू नयेत, अंथरूण झटकून घालावे, मुलाचे कपडे व चपला घालण्यापूर्वी झाडाव्यात, आणि मूल जमिनीवर न झोपवता बाजेवर झोपवावे.

तिसरी गोष्ट बोलण्याची. मूल शब्द ऐकून शब्द शिकते. मोबाइलमधील गाणे ऐकून ते थांबते, बघत राहते, पण त्याला उत्तर देणारे तेथे कोणी नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की, दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि त्यापुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाहून अधिक दाखवू नये. नाचणी निवडताना, भांडी घासताना, ओढ्यावर जाताना मुलाशी बोलत राहावे. हे काय, ते कोण, हा आवाज कशाचा, एवढेच पुरे. आणि ते आपल्या घरच्या बोलीत बोलावे. बोलीतून आलेले मूल प्रमाण भाषा आणि इंग्रजी दोन्ही शिकते. जे मूल कोणत्याच भाषेत भरपूर ऐकत नाही, त्याला मात्र पुढे वाचन जड जाते. अडीच वर्षांच्या मुलाला लवकर लिहिते करण्यासाठी गाडीत बसवून दूरच्या वर्गात धाडण्यात आम्हांस काही लाभ दिसत नाही. त्या वयाला माती, पाणी, डबे आणि गोष्टी पुरेशा आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या कार्यातून हेच दाखवून दिले. त्यांनी बालशिक्षण वस्तीच्या अंगणात नेले आणि 'अंगणवाडी' हा शब्दही तेथूनच आला.

चौथी गोष्ट भीतीची. मूल ऐकत नाही म्हणून त्याला बुवा, पोलीस, डॉक्टर यांची भीती घातली जाते. पुढे हेच मूल सुई टोचून घेताना किंचाळते. याहून वाईट वाक्य आम्ही वारंवार ऐकतो, ते म्हणजे "त्रास दिलास तर होस्टेलला टाकीन." ज्या मुलाने तिसऱ्या वर्षापासून वसतिगृह म्हणजे शिक्षा असे ऐकले आहे, त्याला येथे पहिले काही महिने झोप लागत नाही. वसतिगृह हे आपल्या पूर्वजांनी कष्टाने मिळवलेले साधन आहे, त्याचा बागुलबुवा करू नये. तसेच मुलाशी खोटे बोलू नये. बाहेर जाताना नजर चुकवून पळून जाण्यापेक्षा "मी बाजारात जाते, दुपारी येते" असे सांगून जावे. मूल रडेल, पण विश्वास शिकेल. भगवान बुद्धांनी बालवयातील राहुलाला खोटेपणाचा दोष समजावताना भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवले होते. दाखला लहान मुलाला कळेल असा होता, आणि बोलणारा स्वतः तसाच वागत होता.

आपल्याकडे अनेक वडील मुंबई-ठाण्यास नोकरीला, काही महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर, आणि आई शेतावर असते. मूल आजीपाशी वाढते. आजींनी केलेले उपकार मोजता येणार नाहीत. परंतु वयाने थकलेल्या आजीवर धावते मूल सोपवताना तिला दुपारी दोन तास विसावा मिळेल अशी सोय घरातील तरुणांनी करावी. गावी येणाऱ्या वडिलांनी खेळण्यापेक्षा वेळ आणावा. मुलाला आंघोळ घालणे आणि भरवणे हे बापाचेही काम आहे.

शेवटी समाजाला एक विनंती. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळली आणि महाड पुरात बुडाले, त्यानंतर आपल्या भागातील वाड्यांना पावसाळा आला की धास्ती वाटते. ज्या वाडीला स्थलांतराची सूचना येते, तेथे सर्वांत आधी कडेवरची मुले, त्यांचे कार्ड, कोरडे कपडे आणि दोन दिवसांचे सत्त्व एका पिशवीत तयार असावे. आणि आपल्या विहारांत पंधरवड्यातून एकदा तरी, वंदनेनंतर अर्धा तास, लहान मुलांच्या मातापित्यांसाठी राखून ठेवावा. सेविकाताई, आशाताई, एखादा डॉक्टर झालेला माजी विद्यार्थी यांना बोलवावे. वजनकाटा ठेवावा. जयंतीच्या खर्चातील थोडा भाग यासाठी काढला तर कोणाचीही हरकत नसावी.

आमच्या शाळेच्या दाराशी येणारे मूल निरोगी, बोलके आणि न भ्यालेले असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. पुढचे आम्ही पाहू.