ती सतार हॅरिसनचीच

संपादक महाशय,

'बीटल्स'वरील चौकटीत आपण छापलंत की, 'नॉर्वेजियन वुड'मधली सतार पंडित रविशंकर यांनी वाजवली. ऊर भरून यावा अशी बातमी, पण खोटी. ते गाणं ऑक्टोबर १९६५ मध्ये लंडनच्या ॲबी रोडवर ध्वनिमुद्रित झालं आणि 'रबर सोल'मधून डिसेंबरात बाजारात आलं. पंडितजींची आणि 'बीटल्स'मधल्या जॉर्ज हॅरिसनची भेट झाली ती १९६६ मध्ये!

सतार वाजवली हॅरिसननेच. 'हेल्प!'च्या चित्रीकरणात हॉटेलच्या प्रसंगासाठी आणलेली सतार त्याने कुतूहलाने हातात घेतली होती. पुढे ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या दुकानातून एक स्वस्तातली विकत आणली. रेकॉर्डिंगच्या काळात तिची तार तुटली आणि नव्या तारेसाठी शोधाशोध करावी लागली. पंडितजींच्या सतारीवर अशी वेळ आली असती का? शंका असेल तर गाणं पुन्हा ऐका. आलाप नाही, झाला नाही. गिटारचीच सुरावट सतारीवर जपून, चाचपडत छेडलेली आहे. नवशिक्याचा हात लपत नाही, आणि मला तरी त्यातच गोडी वाटते.

मुंबईशी नातं जोडायचंच तर खरं जोडा. सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन पंडितजींकडे शिकायला मुंबईत आला, 'ताज'मध्ये उतरला. बातमी फुटली, गर्दी लोटली. जानेवारी १९६८ मध्ये त्याच्या 'द इनर लाइट' या गाण्याचं वाद्यसंगीत मुंबईतच एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांकडून मुद्रित झालं. चौकट त्यावर करायला हवी होती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, पुणे