केसपेपर दोघांच्या नावाने

मूल होत नाही म्हणून जोडपे दवाखान्यात येते, तेव्हा केसपेपर बहुधा बायकोच्या नावाने निघतो. तिची सोनोग्राफी, संप्रेरकांच्या तपासण्या, गर्भनलिकांचा एक्स-रे असे सारे होते. नवऱ्याच्या वाट्याला येते ती फक्त वीर्यतपासणी. शुक्राणू कमी दिसले की त्याला टेबलावर न घेताच इक्सीचा, म्हणजे एकेक शुक्राणू थेट बीजांडात सोडण्याचा, सल्ला दिला जातो. वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण संपूर्ण किंवा अंशतः जबाबदार असते, हे आपण सर्व जाणतो. तरीही त्याला हात लावून न तपासता उपचार ठरवणे ही अपुरी वैद्यकी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुळात अहवाल म्हणजे निदान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021च्या आवृत्तीत दिलेली मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख शुक्राणूंची खालची मर्यादा वर्षभरात बाप होऊ शकलेल्या पुरुषांच्या आकड्यांवरून काढली आहे. त्यांतल्या पाच टक्क्यांचे शुक्राणू तिच्याहूनही कमी होते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून दोन महिन्यांपूर्वीचा जोराचा तापही आजच्या अहवालात उमटतो. दोष दिसल्यास तपासणी पुन्हा करावी ती यासाठीच. अहवाल न सांगणाऱ्या गोष्टी बोटांना कळतात. दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या हाताला लागल्या नाहीत, तर सिस्टिक फायब्रोसिसच्या जनुकाची तपासणी नवराबायको दोघांचीही हवी. वृषणातली गाठ वेळेत सापडली तर जीव वाचतो. व्यायामशाळेतली इंजेक्शने किंवा ‘ताकदीसाठी’ घेतलेले टेस्टोस्टेरॉन पिट्युटरीचे संदेश थांबवून शुक्राणू शून्यावर आणू शकते. ते बंद केल्यावर अनेकांत काही महिन्यांनी निर्मिती पूर्ववत होते. पिट्युटरीचीच संप्रेरके मुळात कमी असतील, तर एचसीजी आणि एफएसएचच्या इंजेक्शनांनी नैसर्गिक गर्भधारणाही होऊ शकते. या पुरुषांना थेट इक्सीकडे पाठवणे म्हणजे बरा होणारा आजार तसाच ठेवून बायकोला सुया टोचणे.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. बायको सदतीस वर्षांची असेल तर थांबायचे कसे? थांबायचे नाहीच. शारीरिक तपासणीला पंधरा मिनिटे लागतात आणि ती तिच्या तपासण्यांच्या बरोबरीने होते. वय तिच्या बाजूने नसेल, तर कारण कळूनही इक्सीच निवडता येईल. मात्र ती निवड डोळसपणे झालेली असेल. दुसरा आक्षेप असा, की 1992 साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी इक्सीने झालेल्या पहिल्या गर्भधारणा जाहीर केल्यापासून मोजके शुक्राणूही पुरतात, मग कारण शोधण्यात अर्थ काय? इक्सीने असंख्य घरांत मूल आले, हे निर्विवाद आहे. परंतु शुक्राणू अजिबात नसतील तेव्हा कारणच मार्ग ठरवते. वाय गुणसूत्राचा एझेडएफए किंवा एझेडएफबी भाग पूर्ण गळालेला असेल, तर वृषणातून शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रिया जवळपास व्यर्थ असते. एझेडएफसी गळालेला असेल तर आशा असते, पण तो दोष मुलग्याकडेही जाणार, हे जोडप्याला आधीच सांगायला हवे.

कारणशोधाच्या नावाखाली निष्फळ उपचार वाढतील, ही भीतीही रास्त आहे. म्हणूनच व्हॅरिकोसीलची शस्त्रक्रिया हाताला लागणारी गाठ आणि सदोष अहवाल दोन्ही असतील तेव्हाच करावी. फक्त सोनोग्राफीत दिसलेल्या शिरांवर नव्हे. गोळ्यांच्या लांबलचक चिठ्ठ्यांनाही आवर घालावा. अमेरिकेत 2,370 पुरुषांवर झालेल्या, 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फॉलिक अॅसिड आणि झिंक दिल्याने अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही. तंबाखू, गुटखा सोडवणे आणि वजन उतरवणे यांवर वेळ घालवणे अधिक हिताचे.

उरतो पुरुषांचा संकोच. दोष आपल्यात निघाला तर मर्दानगीला बट्टा लागेल, या धास्तीने नवरा दारातच थांबतो, आणि आपणही त्याला आत बोलावत नाही. सारे उपाय खुंटल्यावर नोंदणीकृत बँकेतून दात्याचे शुक्राणू घ्यायचे की दत्तक मूल, हा निर्णय त्यालाही घ्यायचा असतो; तोवर बाहेर बसवलेला माणूस तो मनापासून कसा घेणार? म्हणून पहिल्याच भेटीत केसपेपर दोन निघावेत, आणि दुसऱ्यावर नवऱ्याच्या शारीरिक तपासणीची नोंद आपल्या हाताने लिहिलेली असावी.